चाळिसावा किडा

मला एक सांगा, माणसानं भरवसा ठेवायचा तरी कोणावर? छापलेल्या पंचांगावर, दुकानदाराच्या जिभेवर, की सरड्यावर? हसू नका. आधी चहा घ्या, निवून राहिला. मी या तिघांनाही जवळून ओळखतो, आणि तिघांत एकटा सरडाच शेवटपर्यंत इमानानं वागला. दुकानदारानं मात्र अशी माती खाल्ली, अशी माती खाल्ली, की आज आठवलं तरी कान गरम होतात. कोण दुकानदार, ते विचारू नका. तुमच्या समोर बसला आहे, बशीतून चहा पीत.

तेव्हा माझं दुकान पांढरकवड्याला, मोटारस्टँडच्या बाजूला. नवे पैसे नुकतेच आले होते, पण बायाबापड्या अजून आण्यातच बोलत. किलोचं नाव काढलं की म्हातारे डोळे वटारत, "पायलीनं दे बाप्पा, कायले फसवून राह्यला!" माझं शिक्षण चौथी. बाकीचं सगळं मी पुडीच्या कागदावर शिकलो. रद्दी आली की आधी वाचायची, मग तिच्यात जिरं बांधायचं. एकदा एक गोष्ट अर्धी वाचून झाली आणि उरलेला कागद घाईत हळदीबरोबर गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेला. त्या गोष्टीतला खून कोणी केला, मला अजून माहीत नाही.

दुकानावर मी स्वतःच्या हातानं पाटी रंगवून टांगली होती : 'या दुकानात किडा दाखवा, पायलीभर तांदूळ फुकट न्या.' चार वर्षं पाटी लटकत होती आणि एक पायली गेली नव्हती! माल चाळायचा, उन्हात घालायचा, कडूनिंबाचा पाला टाकायचा. लोक म्हणत, "बापूशेटच्या पोत्यात किडा? उपाशी मरन बिचारा." समोरच्या दुकानदाराला ती पाटी डोळ्यांत कुसळासारखी खुपायची. त्याची सगळी गिऱ्हाइकं त्या एका ओळीनं माझ्याकडं ओढून आणली होती. एवढं ध्यानात ठेवा. पाटी पुढं लागणार आहे.

आता मागच्या बाजूला चला. घरामागं आमची सांदवाडी, म्हणजे तुमचं परसू. विहीर खोदली तेव्हा निघालेल्या काळ्या दगडांचा ढीग तिथं तसाच पडला होता. चैत्राचं ऊन तुम्हाला माहीत आहे. बारा ते चार रस्त्यावर कुत्रं फिरत नाही, गिऱ्हाईक कुठून येणार? मी दुकानाची फळी लावून कडूनिंबाखाली खाट टाकायचो. एक दिवस पाहतो तर त्या तापलेल्या दगडावर एक सरडा! दगड असा, की वर पोळी भाजावी. आणि हा पठ्ठ्या पुढचे पाय ताठ करून, मान वर करून उभा. मग त्यानं गळ्याची पिशवी उघडली. अरे बाप्पा! आत निळा रंग, काळा रंग, कडेला लाल. पंखा उघडावा आणि मिटावा तसं. गावसभेत फेटा सावरत उभं राहणाऱ्या पाटलाचा रुबाब त्याच्यापुढं फिका. म्हणून त्याचं नाव ठेवलं पाटील.

त्या दिवशी तूर चाळताना दोन किडे निघाले होते. एक फेकला. पाटलानं टिपला. दुसऱ्या दिवशी जरा जवळ फेकला. आठवड्यात तो खाटेच्या पायापाशी यायला लागला. पंधराव्या दिवशी मी जमिनीवर पालथा पडलो, तळहातावर किडा ठेवला, श्वास रोखला. तो आला. मान वाकडी करून माझ्याकडं पाहिलं, भाव पटला की नाही हे गिऱ्हाईक बघतं तसं. आणि तळहातावरून किडा उचलला. त्याच्या जिभेचा तो एवढासा गारवा, काय सांगू! मी आयुष्यात हजार लोकांशी सौदे केले, पण असा बिनबोलाचा सौदा एकच.

पुढं मी डब्याच्या झाकणावर नखानं टक् टक् टक् वाजवलं की पाटील दगडावरून पळत यायचा, धोतरावरून चढायचा आणि खांद्यावर बसून जेवायचा.

पण जेवायला किडे पाहिजेत ना! आणि किडे माझ्या दुकानात नाहीत, तशी पाटीच आहे. मग काय केलं असेल या शहाण्यानं? एका पत्र्याच्या डब्यात कोंडा भरला, वर ओलं पोत्याचं फडकं टाकलं, आणि किडे पैदा करायला सुरुवात केली! आतल्या खोलीत, लाकडांच्या मागं, डबा लपवून.

आमच्या घरचीनं तो पाहिला. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लोक गाई पाळते, म्हशी पाळते. तुमी किडे पाळून राह्यले?"

"हळू बोल वो! पुढं गिऱ्हाईक आहे."

"मी हळूच बोलते. पण ज्या दिवशी हा डबा उघडा पडन ना, त्या दिवशी ती पाटी काढून माह्या हाती द्या. मी तिच्यावर पोळ्या लाटीन."

बाईचं ऐकावं, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. स्वतः तेव्हा ऐकलं नाही.

आता यात आबाजी येतात. तीन कोसांवरच्या गावचे कास्तकार, सरळ माणूस. त्यांच्या शांताची सोयरीक उमरखेडकडच्या एका मुलाशी ठरली होती, आठ दिवसांवर साक्षगंध, म्हणजे तुमचा साखरपुडा, होतं. लग्नाचा सगळा किराणा माझ्याकडून घ्यावा की समोरच्याकडून, ते पाहायला आबाजी थोरल्या बहिणीला घेऊन आले. सखूआत्या! सख्खा भाऊही त्यांना आत्याबाईच म्हणे. तुरीच्या ढिगातला खडा या बाई दहा हातांवरून ओळखत. त्यांनी माझा तांदूळ तळहातावर घेतला, फुंकला, चावला, मान डोलावली. मी मनात म्हटलं, जिंकलो.

आत्या हात धुवायला मागं सांदवाडीत गेल्या. हात धुतले, माझ्या खाटेवर बसल्या, कमरेची पानाची चंची सोडली. चुन्याची डबी घट्ट बसली होती, म्हणून ती खाटेच्या माचव्यावर आपटली. टक् टक् टक्!

पुढं काय झालं ते तुमच्या ध्यानात आलं असेल. मला मात्र दुकानात फक्त किंकाळी ऐकू आली.

"माय वो! मेली! सरडा चढला वो माह्या अंगावर!"

मी आणि आबाजी धावत गेलो. आत्या पुतळ्यासारख्या ताठ बसलेल्या, तोंड उघडं, हातातला चुना लुगड्यावर. आणि उजव्या खांद्यावर आमचे पाटील, गळा फुगवून त्यांच्या तोंडाकडं बघत, 'बोलावलं, आता वाढा की' अशा थाटात.

मी पाटलाला उचलून दगडावर ठेवलं. पण आबाजींचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"उजवाच खांदा ना, आत्याबाई?" त्यांनी विचारलं.

"उजव्या! आठ दिवसावर पोरीचं साक्षगंध, अन् सरडा अंगावर! आबा, मी सांगते, तारीख मोड. हे सोयरपण लाभत नाई."

बघा हं, इथंच मी खरं बोललो असतो तर किस्सा संपला असता. 'आत्याबाई, तो माझा पाळलेला आहे, किडे खायला येतो.' एवढंच वाक्य! पण त्या वाक्यात 'किडे' हा शब्द येतो. आणि पुढं पाटी टांगलेली. माझ्या जिभेनं ते वाक्य अर्ध्यावरून परत फिरवलं, आणि मी म्हणालो, "थांबा, पंचांग पाहू."

कोणतंही पंचांग उघडा. पाल पडली, सरडा चढला, तर कोणत्या अवयवाचं काय फळ, याचा एक कोपरा असतोच. मी बोट ठेवलं. स्त्री, उजवा खांदा. फळ काय होतं? कलह! स्वच्छ छापलेलं. आत्यांना वाचता येत नव्हतं. आबाजींचा चष्मा गावात राहिला होता.

मी मोठ्यानं वाचलं, "कार्यसिद्धी."

"काय म्हन्ता!" आत्या उभ्या राहिल्या. "आता समजलं. म्हणूनच तो इतकं मोठ्ठं आंगण सोडून माह्याच अंगावर आला! आबा, किराणा इथूनच घ्यायचा."

मी माझ्याच पाठीवर थाप मारली. पाहा, अपशकुनाचा शकुन केला, गिऱ्हाईकही बांधलं! शहाणपणाची अशी गुर्मी चढली की भूक लागेना.

भूक दुसऱ्या दिवशीपासून भलत्यांनाच लागली. सोमवारच्या बाजाराला सांदवाडीच्या दाराशी अकरा बाया! एकीची म्हैस आटली होती. एकीचा वणीच्या कोर्टात वाद होता. एकीला सुनेचं तोंड बंद करायचं होतं.

"शेटजी, तुमचा सरडा कामं करते म्हने?"

आता काय करायचं? नाही म्हणावं तर आत्यांचा शकुन खोटा ठरतो. मी चिमूटभर हळद घ्यायचो, शकुनाची म्हणून प्रत्येकीच्या खांद्यावर ठेवायचो, आणि त्या हळदीत हळूच एक किडा! मग टक् टक् टक्. पाटील हजर, हळदीतला किडा फस्त, बाई खूश. मी एक पैसा घेतला नाही, शपथ घेतो. फक्त हळद माझ्याच दुकानातून न्यावी, इतकंच सांगायचो. हसू नका! पाटलाचं पोट सुटलं, माझी हळद संपली, आणि किड्यांचा एक डबा पुरेना म्हणून मी दुसरा लावला.

साक्षगंधाचा दिवस उजाडला. उमरखेडची मंडळी सकाळच्या मोटारीनं येणार, माझ्याकडं चहापाणी घेणार, मग आबाजींच्या बैलबंडीतून गावाला जाणार. बाहेरगावचे पाहुणे स्टँडवर उतरले की माझ्याकडंच हातपाय धुवत, तशी रीतच होती. मोटारीतून नवरदेव उतरला, लाजरा मुलगा, कोरी टोपी. सोबत त्याचे काका. शाळेतले गुरुजी, बंद गळ्याचा कोट, हातात छत्री, काखेत पिशवी. मुलाचे वडील लहानपणीच गेले होते. काकांनीच वाढवलेला.

आत्या त्यांना आणायला आबाजींबरोबर बंडीतून आल्याच होत्या. चहा घशाखाली जायच्या आत त्यांनी फर्मान सोडलं, "आधी नवरदेवाले पाटलाचा शकुन द्या, शेटजी. मले दिला तसाच."

मी म्हटलं, गुरुजी शिकलेले आहेत, हसतील आणि सोडून देतील. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून पंचांग काढलं! म्हणाले, "सरड्याच्या आरोहणाचं फळ शास्त्रात दिलेलं आहे. पाहू या."

आता मेलो, म्हटलं. पण सावरलो. पुरुषाचा उजवा खांदा, फळ चांगलं होतं, मला पाठ झालं होतं. मुलाला खाटेवर बसवलं. हळद ठेवली, किडा ठेवला, झाकण वाजवलं. पाच-सहा बाजारच्या बाया दारातून बघत होत्या.

आता तो किडा! आजवरचे किडे कसे सुस्त, गुमान पडून राहणारे. हा मेला नेमका अंगात वारं भरलेला. हळदीतून निघाला, कॉलर चढला, मान चढला, आणि माझ्या डोळ्यांदेखत टोपीच्या आत गेला! पाटील खांद्यावर आला. हळदीत काही नाही. त्यानं वर पाहिलं. 'नको रे बाबा,' मी मनात म्हणालो, 'नको!' एका उडीत तो टोपीवर चढला आणि नवरदेवाच्या डोक्यावर उभं राहून त्यानं तो निळा-लाल गळा उघडला.

गुरुजींनी पान उलटलं. बोट फिरवलं. आणि खणखणीत आवाजात वाचलं, "मस्तक. प्राणभय."

दारातल्या बाया दोन पावलं मागं सरल्या.

आबाजी चाचरत म्हणाले, "पण गुरुजी, आत्याबाईच्या खांद्यावर चढला तवा तर कार्यसिद्धी..."

"उजवा खांदा ना? स्त्री, उजवा खांदा..." गुरुजींचं बोट पुन्हा फिरलं. "कलह."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. पाटलाचीसुद्धा!

गुरुजींनी पंचांग मिटलं. "आबाजी, राग मानू नका. भावानं जाताना हे पोर माझ्या हातात दिलंय. त्याच्या जिवावरचं काही मी पत्करणार नाही. परतीची मोटार किती वाजता आहे?"

आबाजी मटकन खाली बसले. "मांडव टाकून आलो जी. पोरगी उंबरठ्यात उभी असन बंडीची वाट पाहत. तिले जाऊन काय सांगू?"

आत्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "मले वाचता येत नाई, शेटजी. मी तुमच्या वाचण्यावर भरोसा ठेवला."

खरं सांगतो. एकीकडं चार वर्षांची पाटी, दुसरीकडं उंबरठ्यातली पोरगी. बोललो तर दुकान बुडतं, गप्प बसलो तर शांताचं सोयरपण. आणि दारात घरची उभी, माझ्याकडं एकटक बघत.

"गुरुजी," मी म्हणालो, "पोराची टोपी काढा."

काढली. केसांतून किडा चालला होता, ऐटीत.

"हा पाहा. याच्यासाठी चढला तो. हळदीत मी ठेवला होता. आत्याबाईंनी डबी आपटली म्हणून त्यांच्यावर चढला. तो माझा पाळलेला आहे. फळ मी खोटं वाचलं."

"हा योगायोगही असू शकतो," गुरुजी म्हणाले.

मी तोच किडा उचलला, माझ्या डोक्यावर ठेवला, झाकण वाजवलं. पाटील माझ्या डोक्यावर! "घ्या, आता प्राणभय मले!" किडा घरंगळून नाकावर आला. पाटील पण नाकावर आला. किडा गिळला, आणि हिशोबात नाकाचा शेंडाही धरला! मी असा बोंबललो की स्टँडवरच्या मोटारीतले लोक खाली उतरले. दारातल्या बाया हसून हसून बसल्या. गुरुजी मात्र शाळा तपासायला आल्यासारखे गंभीर.

"पुन्हा करून दाखवा. दुसरा किडा आहे?"

"आहे जी..."

"कुठं?"

आता आलं का संकट! मी नाक चोळत राहिलो. तेवढ्यात घरची आत गेली आणि दोन्ही डबे घेऊन आली. सगळ्यांच्या मधोमध ठेवले. फडकी बाजूला केली.

"घ्या गुरुजी. लागन तितके घ्या."

दोन डबे, काठोकाठ, वळवळ वळवळ! बायांचं हसू थांबलं. कोणीतरी "शिव शिव" म्हणालं. किराणा दुकानदाराच्या घरात, त्यानं हौसेनं वाढवलेले किडे!

गुरुजींनी एक किडा स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. पाटील गुडघ्यावर. एक छत्रीच्या मुठीवर. पाटील मुठीवर. मग छत्री तशीच धरून ते बराच वेळ विचार करत बसले, मुठीवर पाटील. शेवटी म्हणाले, "सरडा आपण होऊन चढला, तर त्याचं फळ. जेवायला बोलावलेल्याचं फळ शास्त्रात दिलेलं नाही. आबाजी, बंडी जोडा."

आबाजी उठले ते रडतच हसत होते. मुलानं टोपी झटकली, घातली आणि पहिल्यांदा तोंड उघडलं, "काका, चहा निवला." बंडी जुंपली गेली. मी म्हटलं, सुटलो.

"शेटजी."

आत्या बंडीत चढल्याच नव्हत्या.

"पुढं पाटीवर काय लिवलं हाये, वाचा बरं. या टायमाले खरं वाचा."

मी वाचलं. दुसरं काय करणार?

"लग्नाले तांदूळ किती लिवले आपल्या यादीत?"

"चाळीस पायल्या."

"मंग मी चाळीसच किडे दाखवते. बाकीचे तुमचे तुमाले मुबारक."

आणि ती बाई सूप मागवून बसली हो! एक-एक किडा सुपात टाकत, मोठ्यानं मोजत. वाचता येत नव्हतं, पण मोजण्यात कोर्टाचा कारकून हरला असता. पाच बाया साक्षीला. बंडीतून गुरुजी मान लांब करून बघत होते. आणि मी, चार वर्षं एक पायली न गमावलेला, खांबाला टेकून बघत होतो.

शांताचं लग्न वैशाखात झालं. पंगतीत माझा तांदूळ होता, फुकटचा. वाढताना आत्या प्रत्येकाला सांगत होत्या, "पोटभर जेवा, भात शेटजीकडचा हाये. पाहून जेवा." पाटी मी त्याच संध्याकाळी उतरवली. घरचीनं तिच्यावर पोळ्या काही लाटल्या नाहीत. ती दगडांच्या ढिगावर टाकली, आणि पाटील उरलेलं आयुष्य तिच्यावर ऊन खात बसला.

आता ही गोष्ट तुम्ही पुढं सांगणारच. सांगा, माझी ना नाही. मला मूर्ख म्हणा, लबाड म्हणा, नाकाचंही सांगा. पण सगळीकडं लोक 'चाळीस किडे, चाळीस पायल्या' सांगून राहिले, ते तेवढं दुरुस्त करा. एकोणचाळिसावा पाटलानं सुपातून उचलला, मी डोळ्यांनी पाहिलं! मी ओरडलो, "आत्याबाई, एक कमी!" तर म्हणतात कशा, "दाखवला होता की नाई? मंग? गिळला तो तुमच्या घरच्यानं!"

ते काही नाही. सुपात भरले ते एकोणचाळीस. तांदूळ मापला तो चाळीस पायल्या. बाकी काही करा, पण हिशोब तेवढा सचोटीनं ठेवा.